भोक बुजल्याचं चित्र

सुरुवात पेपरवाल्याशी भांडण काढून झाली. शब्दकोड्याच्या चौकटी मध्येच आत ओढल्यासारख्या छापून येत होत्या आणि मथळ्यांतलं नेमकं मधलं अक्षर गायब असायचं. मी त्याला जिन्यातच गाठलं आणि विचारलं, खराब छपाईचे अंक खपवायला सदाशिव पेठेत हे एकच घर सापडलं का. त्याने मुकाट्याने दुसरा अंक दिला. तोही तसाच निघाला. एवढ्यात समोरच्या शेजारीणबाई बाहेर आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका असल्यामुळे त्यांना भांडणाचा वास लांबून येतो. त्यांनी माझ्या हातातला अंक घेतला, दोन ओळी खणखणीत वाचल्या आणि म्हणाल्या, "पेपर ठणठणीत आहे. तुम्ही स्वतःला दाखवून या." मी दार लावून घेतलं. दुपारपर्यंत माझं मत हेच होतं, की त्यांनाच कमी दिसतं.

माझा डावा डोळा लहानपणापासून नावापुरता आहे. त्याने समोर माणूस आहे एवढं कळतं, कोण आहे ते नाही. आमच्या वेळी मुलांचे डोळे तपासायची पद्धत नव्हती. फळा दिसत नाही म्हटलं की पुढच्या बाकावर बसवायचे, झाला उपचार. मी एका उजव्या डोळ्यावर शिकले, टेलिफोनच्या कचेरीत नोकरी केली, संसार केला. त्या दुपारी डावा झाकून शेजारीणबाईंच्या दारावरच्या पाटीकडे बघितलं, तर पाटीच्या कडा दिसत होत्या आणि मधे, जिथे आडनाव असतं, तिथे काहीच नव्हतं. काळंसुद्धा नाही. काही नाहीच. तेव्हा मात्र मी घाबरले.

डोळ्याच्या डॉक्टरांकडे मुलगा घेऊन गेला. तिथे एका यंत्रावर हनुवटी टेकवून बसवलं आणि पलीकडची मुलगी म्हणाली, "आतल्या हिरव्या फुलीकडे बघत राहा, काकू." फुली कुठेच दिसेना. मी नजर जिथे नेई, तिथून ती निघून गेलेली असे. "बघताय ना?" तिने विचारलं. मी "हो" म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. परीक्षेत उत्तर येत नसलं तरी काहीतरी लिहून यावं, तसं ते होतं.

मग डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. डोळ्याच्या मागच्या बाजूला दृष्टिपटल म्हणून एक नाजूक पापुद्रा असतो आणि हे त्याचं उभं कापून काढलेलं चित्र. एकावर एक राखाडी थर होते. दुधावर जाड साय यावी आणि कुणीतरी तिच्यात मधोमध बोट घालावं, तसं ते दिसत होतं. दोन्ही बाजूंच्या कडा फुगून वर आलेल्या आणि मधे आरपार भोक. आपण ज्या जागेने वाचतो, माणसं ओळखतो, नेमकी तीच जागा. "वयामुळे होतं," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशनने भोक बहुधा बुजतं. नजर किती परत येते, ते मग बघू." पुढे माझ्या लक्षात आलं ते असं, की या तीन वाक्यांतलं मधलं एकच आम्ही दोघांनी ऐकलं होतं.

मुलगा हडपसरला राहतो. आयटीतला आहे, तिथून ऑफिस जवळ पडतं. त्याचे वडील गेल्यापासून त्याचं एकच पालुपद होतं, आई, आमच्याकडे ये. आणि माझं एकच उत्तर होतं, की माझं काय अडलंय. त्याची माया खोटी नव्हती, पण हडपसरच्या त्या टॉवरमध्ये मला कुणी ओळखत नाही आणि खाली उतरून जायला जागा नाही. इथे मी चपला घातल्या की मंडईत, देवळात, वाचनालयात, कुणाच्या तरी दारात उभी असते. आता डोळ्याचं निमित्त झालं. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच तो म्हणाला, "आई, एकच डोळा आहे तुला. तोही गेला तर तू तिसऱ्या मजल्यावर एकटी कशी राहणार?" मला राग आला आणि त्या रागात मी बोलून गेले, "भोक बुजलं तर सदाशिव पेठ, नाही बुजलं तर हडपसर. काढ तुझ्या त्या यंत्रातून चित्र आणि ठरव." तो म्हणाला, "ठरलं." इतक्या लवकर मान्य करेल असं वाटलं नव्हतं. माझं घर एका फोटोवर पणाला लावून बसले मी.

ऑपरेशननंतर डोळ्यात हवेचा बुडबुडा भरतात आणि तो भोकावर दाबून बसावा म्हणून काही दिवस पालथं पडून राहायचं असतं. लहानपणी पालथं झोपलं की आई पाठीत धपाटा घालायची, पालथं झोपू नये म्हणून. आता डॉक्टर सांगत होते, उताणं झोपाल तर याद राखा. ते दिवस अर्थातच हडपसरला काढले. मला तिथली फक्त फरशी आठवते. सून आली की दोन पाय येत, मुलगा आला की दोन पाय येत. सुनेच्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटापेक्षा आखूड आहे हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं. ती ऑफिसचे फोन सोडून माझ्या तोंडाशी नळीने ताक धरायची. "आई, मान वर करू नका," एवढंच म्हणायची. मी तिच्यावर खूश होते आणि तिथून पळून जावंसंही वाटत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा वाटतात, ते मला अजून उलगडलेलं नाही.

बुडबुडा हळूहळू लहान होत गेला. त्याचंही गणित कळेना. हवा वर जाते हे शेंबडं पोरही सांगेल. मला मात्र ती खाली दिसायची, अर्धवट भरलेल्या बाटलीसारखी डुलणारी, आणि वरून जग थोडं थोडं उघडत यायचं. फोनवर विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "डोळ्यात चित्र उलटंच पडतं काकू, हवा वरच आहे." म्हणजे मला जे दिसतं ते उलटं, आणि जे दिसत नाही ते बरोबर. मी फोन ठेवला. मुलाने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "सगळं बरोबर आहे."

बुडबुडा पुरता गेल्यावर पुन्हा यंत्रापुढे बसले. या वेळी हिरवी फुली दिसली, पण मोडकी. डॉक्टर नेमके ऑपरेशनमध्ये होते. त्यांच्या मदतनीस बाईंनी दोन कागद आणून मुलाच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "भोक बुजलंय. बाकी डॉक्टर पुढच्या वेळी बोलतीलच." मुलाने दोन्ही कागद गाडीच्या बॉनेटवर पसरले. एका चित्रात थर मधे फिसकटलेले, विस्कटलेले. दुसऱ्यात कशी सुरेख, गुळगुळीत खळी, बाळाच्या गालावरची असावी तशी. त्याने दोन्ही शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला, खाली "आधी" आणि "नंतर" असं लिहिलं आणि घरच्या ग्रुपवर टाकला. नागपूरच्या नणंदेपासून अमेरिकेतल्या भाच्यापर्यंत सगळ्यांचे हात जोडलेले आले, फुलं आली. कुणीतरी पेढे कधी, म्हणूनही विचारलं. मुलगा शब्दाचा पक्का. त्याच रविवारी त्याने मला बॅगेसकट सदाशिव पेठेत आणून सोडलं.

आणि मला दिसत नव्हतं.

म्हणजे अगदीच दिसत नव्हतं असं नाही. मधलं भोक गेलं होतं. पण त्याच्या जागी जग चिमटीत धरून ओढल्यासारखं झालं होतं. खिडकीचे गज मधे कंबर आवळून उभे. घड्याळाचा काटा वाकडा. माणसाकडे पाहिलं की कान जागेवर, केस जागेवर, आणि नाकाच्या आसपास कुणीतरी ओला हात फिरवलेला. मी तो "नंतर"चा फोटो भिंगाखाली धरून बघायची. इतकी छान खळी. असा डोळा असताना मला दिसत का नाही? यंत्र खोटं बोलत नाही आणि यंत्राशी कुणी भांडत नाही. उरले मी. कदाचित मी बघायलाच विसरले असेन, किंवा म्हातारपणी माणूस उगीच कुरकुरतो तशी कुरकुरत असेन. नणंदेने फोनवर विचारलं, "आता कसं स्वच्छ दिसत असेल ना?" मी म्हटलं, "अगदी." त्यानंतर सगळ्यांना तेच सांगत गेले. सांगता सांगता कधी कधी खरंच बरं दिसतंय असं वाटायचं.

घराने या कामी मला फार मदत केली. हडपसरला उठून हिंडायला लागल्यावर मी मिठाच्या जागी साखर घालत होते आणि काचेच्या दारावर आपटत होते. इथे चहा एक थेंब न सांडता कपात पडायचा. जिन्याची मोडकी पायरी पायाला आपोआप कळायची. भाजीवालीशी घासाघीस पूर्वीसारखीच, कारण कोथिंबीर शिळी आहे हे वासानेच समजतं. शेजारीणबाई एकदा मुद्दाम येऊन बसल्या, मला सगळीकडे हिंडता फिरताना बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही तर छान वावरताय हो." त्यांच्याकडून छान हा शब्द मिळवायला विद्यार्थ्यांना वर्ष लागायचं. मला आनंद झाला. मग त्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि फळीवरच्या डब्यांकडे बघितलं. डाळ, तांदूळ, पोहे, रवा. हे मला दिसत होतं की आठवत होतं? मी डोळे मिटले. डबे होते तसेच राहिले.

पुढच्या तपासणीला मी एकटीच गेले. मुलाला सांगितलं, रिक्षाने पाच मिनिटांचं अंतर, तू रजा कशाला घालवतोस. खरं कारण मला माझंच नीट माहीत नव्हतं. बाहेर बाकावर बसले असताना आत एकामागून एक माणसं तक्त्यावरची अक्षरं वाचत होती आणि दार उघडंच होतं. माझा नंबर आला तेव्हा मी शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं. तपासणाऱ्या मुलीने कौतुकाने मान हलवली आणि बटण दाबून तक्ता बदलला. नव्या तक्त्यावर मी दुसऱ्याच ओळीला अडखळले. "काकू, आधीचं पाठ होतं का?" तिने हसून विचारलं. मला लाज वाटली, पण शपथेवर सांगते, वाचताना मला ती अक्षरं दिसली होती.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांची चित्रं एकाखाली एक लावली. मी ती सुरेख खळी ओळखली आणि म्हटलं, "हे ऑपरेशननंतरचं ना?"

"हा डावा डोळा," ते म्हणाले. "याला काही झालेलंच नाही."

"पण डाव्याला दिसत नाही."

"नाही. आतला पडदा उत्तम आहे त्याचा. लहानपणी मेंदूने त्याच्याकडून घ्यायचं थांबवलं, एवढंच. चित्र बघून ते कुणाला कळणार नाही."

मग त्यांनी दुसरं दाखवलं, फिसकटलेलं, जे आमच्या ग्रुपवर "आधी" म्हणून गेलं होतं. हाच माझा आत्ताचा उजवा डोळा. दोन्ही कागद एकाच दिवसाचे होते, एकेका डोळ्याचे. मुलाने डावा-उजवा न बघता त्यांचे आधी-नंतर करून टाकले होते, आणि फुलं पाठवणाऱ्या एकानेही विचारलं नव्हतं. मी घाईने म्हटलं, "मग भोक बुजलं नाही?" "बुजलंय की," डॉक्टर म्हणाले आणि कडा जुळलेल्या दाखवल्या. "पण खालची ही बारीक रेघ, ती नजरेची. ती मधे अजून तुटलेली आहे. भरून येईल, कदाचित अर्धीच येईल. वेळ लागतो. आता मला सांगा, घरी वावरताना नक्की किती दिसतं? हे काही यंत्र सांगत नाही, तुम्हीच सांगायचं."

मी त्यांना काय उत्तर दिलं ते आठवत नाही. रिक्षात बसल्यावर मात्र डोकं चालायला लागलं. अट काय होती? भोक बुजलं तर सदाशिव पेठ. भोक बुजलं होतं. फोटो चुकीचा असला तरी निकाल बरोबर होता. दिसण्याची अट कुणी घातलीच नव्हती. वकिलाने मांडावं तसं मी सगळं मनात मांडलं आणि त्यात कुठेही खोट सापडली नाही. घरी येऊन कुलूप उघडलं. मुलाचा फोन आला. "काय म्हणाले?" मी म्हटलं, "भोक बुजलेलंच आहे." हे पूर्ण खरं होतं आणि ते बोलून मला अजिबात बरं वाटलं नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी त्याचा वाढदिवस आला. तो दर वर्षी औक्षणाला येतो. लग्न झालं, पन्नाशी जवळ आली, तरी हे चुकवत नाही. या वेळी एकटाच आला, सून ऑफिसातून परस्पर येणार होती. तो खुर्चीत बसला आणि बसल्या बसल्या म्हणाला, "आई, काही वेगळं वाटतंय का?"

मी त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हटलं, "वाळलायस. बाहेरचं खाणं कमी करा दोघं."

मी पाट मांडला, भोवती रांगोळीची रेघ ओढली, ती जमली की नाही ते हाताने चाचपलं तर पुसेल म्हणून डोळ्याने बघितलं आणि त्याला पाटावर बसवलं. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी. कुंकवाचा टिळा त्याच्या कपाळावर बरोबर मधोमध लागला, मी स्वतःवरच खूश झाले. सुपारी आणि अंगठी ओवाळली, मग निरांजन. त्या उजेडात त्याचा चेहरा मला चांगला दिसत होता. कॉलेजपासून ठेवलेली ती मिशी, अगदी त्याच्या वडिलांच्या वळणाची. बघून वाटलं, डॉक्टर म्हणत होते ती रेघ भरून येतेय बहुतेक. तो म्हणाला, "आई, ती आमच्याकडची खोली आम्ही आता ऑफिससाठी करून घेतोय. तू इथे मजेत आहेस ते बघतोय मी." मला हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं, की त्याच्या तोंडात पेढा घालून मी दोन्ही तळवे त्याच्या चेहऱ्यावरून उतरवले, कानशिलांवर बोटं मोडायला.

अंगठ्याखाली मिशी लागली नाही. नाकाच्या खाली नुसता गुळगुळीत ओठ होता.

"मिशी?" मी म्हटलं.

"काढली. गेल्या रविवारी," तो म्हणाला. "मी बघत होतो, आल्या आल्या ओरडतेस का."

मी ओरडले नव्हते, कारण मिशी होती. मी ती ओवाळताना पाहिली होती, आणि हात तिथे असताना, पुन्हा बघितलं तरी ती तिथेच होती. हात काढावेत की ठेवावेत मला कळेना. मग मी त्याला सांगितलं. तुझं नाक मला एका बाजूला ओढल्यासारखं दिसतं, त्याच्याखाली काय आहे ते दिसतच नाही, तिथे मी तुला पूर्वी होतास तसाच ठेवून दिलंय. गजांचं सांगितलं, तक्त्याचं सांगितलं. कागदांचंही सांगितलं, की ते दोन्ही एकाच दिवसाचे होते आणि तो छान डोळा डावा होता. बोलताना मला भीती वाटत होती आणि सगळं सांगून झाल्यावरही ती गेली नाही.

"मी उलटे लावले होते का कागद," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच होता. त्याच्या तोंडाकडे बघून काही कळणार नव्हतं, म्हणून मी गालाला पुन्हा हात लावला. गाल ओला होता.

मी तबक बाजूला ठेवलं. "कपाटावरची ती हडपसरची बॅग काढ खाली," मी म्हटलं. "माझ्या हाताला नाही येत ती."

तो पाटावरून उठला नाही.

"आज नको, आई," तो म्हणाला. "आज वाढदिवस आहे माझा."